विणीचा दोरा आणि तंगूस : सांध्याची गाठ निवडावी कशी, बांधावी कशी

(खाडीकाठच्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण खारभूमीतील भात, बांधाची डागडुजी आणि नारळाची खते या विषयांवर ऐकत आहात. माझा विषय त्या मानाने बोटभर लांबीचा आहे. गळाने मासे धरताना विणीचा दोरा आणि तंगूस एकमेकांना जोडावे लागतात. त्या सांध्याची गाठ कोणती निवडावी आणि ती कशी बांधावी, एवढेच मी सांगणार आहे. विषय लहान आहे, पण त्यात चूक झाली तर मासा, गळ आणि पुढचा सगळा तंगूस एकदम जातो. माझ्या हातून हे झाले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रायगड जिल्ह्यातील एका शेतकरी बंधूंकडे मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. खारभूमीत भात आणि शेताच्या कोपऱ्यात जिताड्याचा तलाव. अलिबाग-पेणकडे असे तलाव आपल्याला नवे नाहीत. घरात साखरपुडा होता आणि त्यांना एक मोठा मासा काढायचा होता. तलावात जुनी खोडे असल्यामुळे जाळे ओढता येत नव्हते. त्यांच्या मुलाने रॉड, रील आणि विणीचा दोरा शहरातून आणला होता. दोऱ्याला पुढे तंगूस जोडण्याचे काम माझ्याकडे आले. लहानपणापासून हाताला सवय असलेली जाळ्याची गाठ मी मारली, हाताने दोन हिसके देऊन पाहिले आणि पक्की आहे म्हणून सांगितले.

मासा लागला. पहिली धाव त्याने तलावाच्या मध्यापर्यंत घेतली, दुसरी खोडांकडे. मग दोरा एकाएकी हलका झाला. गुंडाळून पाहिला तर विणीचा दोरा कुठेही तुटलेला नव्हता. त्याचे शेवटचे दोन बोटे टोक मात्र शेवईसारखे कुरळे झाले होते. म्हणजे दोरा तुटला नव्हता, गाठ निसटली होती. चौथ्या दिवशी तो जिताडा वर आला, मेलेला. तोंडातल्या गळाचा तंगूस खोडाला गुंडाळला गेला होता. चार वर्षे वाढवलेला मासा ना पानात पडला, ना बाजारात गेला. ते बंधू मला काही बोलले नाहीत. पण चूक त्यांच्या दोऱ्याची किंवा माशाची नव्हती, ती माझ्या गाठीची होती. त्यानंतर या गाठी मी नीट शिकून घेतल्या. त्या आज आपल्यापुढे मांडतो.

दोन दोरे, दोन स्वभाव

आपण ज्याला तंगूस म्हणतो तो नायलॉनचा एकसंध, गुळगुळीत तंतू असतो. तो ताणला की लांबतो आणि धक्का सोसून घेतो. पाण्यात भिजल्यावर त्याची ताकद थोडी कमी होते आणि उन्हाने तो हळूहळू खराब होतो. फ्लुरोकार्बन नावाचा दुसरा एकसंध तंतूही दुकानात मिळतो. तो नायलॉनपेक्षा जड आणि ताठ असतो, पाण्यात कमी दिसतो आणि घासले जाणे चांगले सोसतो.

विणीचा दोरा, म्हणजे दुकानात ज्याला ब्रेडेड लाइन म्हणतात तो, पॉलिथिलीनच्या अत्यंत बारीक पण मजबूत धाग्यांचा असतो. चार किंवा आठ पदर वेणीसारखे गुंफून तो तयार करतात. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा तो बराच बारीक असतो, त्यामुळे लांब फेकता येतो. तो जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून माशाने आमिषाला तोंड लावले की लगेच हाताला कळते. तो पाण्यावर तरंगतो आणि पाणी शोषून कमजोर होत नाही.

मग सगळाच दोरा विणीचा का घेऊ नये, असे आपण विचाराल. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, विणीचा दोरा खडकावर टिकत नाही. कालवांनी भरलेल्या खडकावर किंवा उघाडीच्या दगडी कडेवर तो ताणलेला असताना घासला की बारीक धागे एकेक करून कापले जातात. दुसरे, तो पाण्यात दिसतो. तिसरे कारण जिताडा धरणाऱ्यांना माहीत असेल. या माशाच्या कल्ल्यावरील झाकणाची कड धारदार असते आणि त्याचे तोंड आतून कानशीसारखे खरखरीत असते. बारीक दोरा तिथे टिकत नाही. म्हणून मागे विणीचा दोरा आणि पुढे गळाकडे हात-दोन हात ते वावभर जाड तंगूस, अशी जोडी लावतात. या पुढच्या तंगुसाला दुकानदार लीडर म्हणतात. सुरमईसारख्या दातवाल्या माशासाठी तंगूसही पुरत नाही, तिथे गळाजवळ तारेचा तुकडा लागतो. तो विषय वेगळा आहे.

नेहमीची गाठ का निसटते

आपल्या हाताला दोन गाठी ठाऊक असतात, सुरगाठ आणि निरगाठ. सुंभ, काथ्या, सुतळी, अंबाडीचा दोर यांना अंगचा खरखरीतपणा असतो. एक पदर दुसऱ्याला धरून ठेवतो. दावे बांधताना एक वेढा कमी पडला तरी चालते, कारण उरलेले काम दोराचा खरखरीतपणा करतो.

विणीचा दोरा आणि तंगूस या दोघांनाही हा गुण नाही. दोन्ही गुळगुळीत. शिवाय एक मऊ आणि बारीक, दुसरा ताठ आणि जाड. हाताने हिसका देतो तेव्हा गाठ टिकते. पण मासा धावतो तेव्हा ताण सारखा कमी-जास्त होतो आणि मऊ दोरा प्रत्येक वेळी केसभर सरकतो. शेवटी टोक आतून बाहेर येते. जाळ्याची गाठ जाळ्यात उत्तम टिकते, कारण तिथे दोन्हीकडे सारखेच सूत असते आणि चारही पदर ताणलेले असतात. इथे तशी स्थिती नाही.

यावर उपाय एकच, वेढे वाढवणे. खरखरीतपणा नसेल तर त्याची जागा वेढ्यांच्या संख्येने भरून काढावी लागते. पुढे सांगितलेल्या तिन्ही गाठींचे मर्म एवढेच आहे.

निवड करण्यापूर्वी तीन प्रश्न

१) तंगूस किती जाड आहे? विणीच्या दोऱ्यापेक्षा थोडाच जाड असेल तर दोन्ही टोकांनी वेढे देणारी गाठ चालते. फार जाड असेल तर त्याचे वेढे नीट बसत नाहीत. अशा वेळी जाड दोरा नुसता दुमडावा किंवा सरळ ठेवावा आणि वेढे बारीक दोऱ्याने द्यावेत.

२) गाठ रॉडच्या कड्यांतून जाणार आहे का? तंगूस लांब असेल तर फेकताना गाठ प्रत्येक कड्यातून धावते. जाड गाठ कड्यात अडते, फेक कमी पडते आणि गाठही झिजते. अशा ठिकाणी बारीक गाठ हवी. तंगूस हात-दीड हातच असेल आणि गाठ कड्यांच्या बाहेर राहत असेल तर थोडी जाड गाठ चालते.

३) बांधायची कुठे आहे? घरी ओट्यावर, दिवसाच्या उजेडात बसून बांधण्याची गाठ वेगळी. उघाडीवर, वाऱ्यात, ओल्या हातांनी, बॅटरी दातांत धरून बांधण्याची गाठ वेगळी. अर्धवट बांधलेल्या अवघड गाठीपेक्षा नीट बांधलेली सोपी गाठ केव्हाही बरी.

गाठ पहिली : दुहेरी युनी

नवीन शिकणाऱ्याने येथून सुरुवात करावी. यात दोन सारख्या सरकत्या गाठी मारून त्या एकमेकींवर आणून बसवायच्या असतात. मध्यम जाडीच्या तंगुसासाठी ही चांगली आहे.

१) विणीचा दोरा आणि तंगूस यांची टोके विरुद्ध दिशांना ठेवून दोन्ही दोरे सुमारे दीड वीत शेजारी-शेजारी धरावेत.

२) विणीच्या दोऱ्याचे टोक मागे वळवून दोन्ही दोऱ्यांवर एक फास करावा.

३) तेच टोक फासाच्या आतून, दोन्ही दोऱ्यांभोवती आठ वेळा गुंडाळावे. वेढे एकमेकांवर चढू देऊ नयेत.

४) थुंकीने किंवा पाण्याने ओले करून टोक हळूहळू ओढावे. गाठ जमून यावी, पण तंगुसावर सरकती राहावी. या वेळी पूर्ण घट्ट करू नये.

५) आता तंगुसाच्या टोकाने दुसऱ्या बाजूला तसाच फास करून चार वेढे द्यावेत. तंगूस जाड असेल तर तीन पुरतात. ही गाठही जमवून घ्यावी.

६) दोन्ही गाठी पुन्हा ओल्या कराव्यात. मागचा विणीचा दोरा एका हातात आणि पुढचा तंगूस दुसऱ्या हातात धरून सावकाश ओढावे. दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना टेकतील. मग सगळी शक्ती लावून एकदा घट्ट ताण द्यावा, दोन्ही टोकेही ओढून घ्यावीत.

७) तंगुसाचे टोक गाठीलगत कापावे. विणीच्या दोऱ्याचे टोक मात्र दोन-तीन मिलिमीटर ठेवावे.

विणीचा दोरा फारच बारीक असेल तर त्याचे टोक दुमडून दुपदरी करावे आणि त्या दुपदरी दोऱ्याने हीच गाठ मारावी. पकड वाढते आणि बारीक दोरा तंगुसात रुतत नाही.

गाठ दुसरी : अलब्राइट

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मासेमारीचे वाटाडे म्हणून नाव मिळवलेल्या जिमी अलब्राइट यांच्या नावाने ही गाठ ओळखली जाते. नाव परके असले तरी तिची रीत आपल्याला ओळखीची वाटेल. जाड दोराला बारीक दोर जोडताना आपण जाड दोर दुमडतो आणि बारीक दोराने त्याला बांधतो. हीही तशीच आहे, फक्त वेढे जास्त. तंगूस विणीच्या दोऱ्यापेक्षा बराच जाड असेल तेव्हा ही निवडावी.

१) तंगुसाचे टोक चार बोटे लांबीचे दुमडून अरुंद फास करावा. तो डाव्या हाताच्या चिमटीत धरावा. बंद टोक उजवीकडे असावे.

२) विणीच्या दोऱ्याचे टोक या फासातून खालून वर घ्यावे आणि दीड वीत बाहेर काढावे.

३) ते टोक मागे आणून चिमटीपाशी धरावे. तेथून फासाच्या बंद टोकाकडे जात, तंगुसाचे दोन्ही पदर आणि विणीचा दोरा यांच्याभोवती बारा ते पंधरा वेढे द्यावेत. वेढे रहाटाच्या दोरासारखे शेजारी-शेजारी बसावेत.

४) शेवटी टोक फासातून परत बाहेर काढावे. इथे लक्ष द्यावे. टोक ज्या बाजूने फासात शिरले त्याच बाजूने बाहेर आले पाहिजे. दुसऱ्या बाजूने काढले तर गाठ बसत नाही. या गाठीतील बहुतेक चुका येथेच होतात.

५) सगळे ओले करावे. विणीचा मागचा दोरा आणि तंगूस थोडे-थोडे आलटून-पालटून ओढावेत आणि वेढे बोटांनी फासाच्या बंद टोकाकडे सरकवावेत. ते टोकावरून निसटू देऊ नयेत. मग विणीच्या दोऱ्याचे सुटे टोक ओढून शेवटचा ताण द्यावा.

याच गाठीचा एक सुधारित प्रकार आहे. त्यात वेढे एकाच दिशेला न देता, आधी फासापासून दूर सात आणि मग त्यांच्यावरूनच परत फासाकडे सात असे देतात. टोक त्याच बाजूने बाहेर काढतात. वेढ्यांवर वेढे बसल्यामुळे पकड चांगली मिळते. हात बसला की मी हाच प्रकार वापरतो, कारण काळोखातही तो बोटांना जमतो.

गाठ तिसरी : एफजी

वरच्या दोन्ही गाठींत तंगूस वळवावा किंवा दुमडावा लागतो, म्हणून गाठ थोडी जाड होते. एफजी गाठीत तंगूस सरळच राहतो आणि विणीचा दोरा त्याच्याभोवती वेणीसारखा आवळला जातो. जितका ताण द्यावा तितकी वेणी घट्ट होते. ही गाठ सर्वांत बारीक असते आणि कड्यांतून सहज जाते. दिवसभर लांब फेका करणाऱ्याने ती शिकावी. पण ती घरीच बांधावी, आणि शक्यतो शिकताना मदतीला एक माणूस घ्यावा.

१) विणीच्या दोऱ्याचे टोक दोन वीत मागे दुमडून घ्यावे. दुमड एका खिळ्यात अडकवावी. एक पदर मुख्य दोऱ्याचा, दुसरा सुट्या टोकाचा. दोन्ही पदर बोटभर अंतर ठेवून ताणून धरावेत. हे काम मदतनिसाकडे द्यावे. ताण सैल पडता कामा नये.

२) तंगुसाचे टोक दुमडीजवळ दोन पदरांच्या मधून घ्यावे. मग बाजेला सुंभ विणतात तसे, पहिल्या पदरावरून बाहेर नेऊन त्याच्या खालून मध्ये आणावे, नंतर दुसऱ्या पदरावरून बाहेर नेऊन त्याच्या खालून मध्ये आणावे. असे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे आलटून-पालटून वीस वेळा करावे. प्रत्येक दोन-चार फेऱ्यांनंतर वीण दुमडीकडे सरकवून दाट करावी.

३) वीण चिमटीत धरून दुमड खिळ्यातून काढावी. विणीच्या दोऱ्याच्या सुट्या टोकाने तंगूस आणि मुख्य दोरा या दोघांभोवती एक साधा अर्धा वेढा मारून अडकवावा.

४) ओले करून मुख्य दोरा आणि पुढचा तंगूस जोराने ओढावेत. तंगूस सरळ होतो आणि विणीचा दोरा त्याच्यावर आवळतो. नीट आवळला की दोऱ्याचा रंग तेवढ्या भागात गडद दिसू लागतो. ही खूण दिसेपर्यंत ओढावे. रंग बदलला नाही तर गाठ बसलेली नाही.

५) मग दोघांभोवती आणखी चार-पाच अर्धे वेढे, एक उजवीकडून आणि एक डावीकडून असे मारावेत. तंगुसाचे उरलेले टोक लगत कापावे आणि शेवटी फक्त मुख्य दोऱ्यावर तीन-चार अर्धे वेढे मारून टोक कापावे.

ही गाठ ऐकून येत नाही. घरी गेल्यावर तंगुसाच्या जागी बोटाएवढा जाड दोर आणि विणीच्या दोऱ्याच्या जागी रंगीत सुतळी घ्यावी आणि पाच-सहा वेळा करून पाहावी. डोळ्यांना वीण दिसली की बारीक दोऱ्यावर हात आपोआप जमतो.

तिन्ही गाठींसाठी सारखे नियम

गाठ घट्ट करण्यापूर्वी ओली करावी. कोरडा तंगूस आवळताना घर्षणाने तापतो आणि तेवढ्याच जागी कमजोर होतो. ओढताना हिसका देऊ नये, ताण सावकाश वाढवावा. बोटांना दोरा कापू नये म्हणून तो काठीच्या तुकड्याला किंवा हातमोज्यावर गुंडाळून ओढावा.

विणीचा दोरा कापण्यासाठी धारदार कात्री घ्यावी. बोथट कात्रीत त्याचे धागे फक्त विस्कटतात. काही जण टोक काडीने जाळतात. विणीचा दोरा नायलॉनपेक्षा बराच कमी उष्णतेला वितळतो, म्हणून गाठीजवळ आग नेऊ नये. डिंकाचा थेंब टाकून निसटणारी गाठ पक्की होते, हाही समज चुकीचा आहे. गाठ मुळात पक्की हवी.

तंगुसात मध्येच आपोआप पडलेली साधी निरगाठ दिसली तर तेवढा भाग कापून टाकावा. अशा एका गाठीने तंगुसाची ताकद निम्म्यावरही येऊ शकते.

बादलीची परीक्षा

बियाणे पेरण्यापूर्वी आपण उगवण तपासतो. गाठही तशीच तपासावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, एवढे माहीत असले की पुरे.

दोऱ्याच्या पुड्यावर ताकद बहुधा पौंडात लिहिलेली असते. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. म्हणजे २० पौंडी दोरा सुमारे ९ किलोचा, ३० पौंडी साडेतेरा किलोचा आणि ४० पौंडी १८ किलोचा. विणीचा दोरा २० पौंडी आणि तंगूस ४० पौंडी असेल तर सांध्याची परीक्षा कमी ताकदीच्या दोऱ्यावरून, म्हणजे ९ किलोवरून करावी.

सांधा बांधून एक टोक वाशाला आणि दुसरे बादलीच्या कडीला बांधावे. टोकाला बांधताना दोरा सात-आठ वेळा गुंडाळून मग अडकवावा, नाहीतर तिथेच तुटेल आणि सांध्याची परीक्षा होणार नाही. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असावी. मग एकेक लिटर पाणी ओतावे. बादलीचे वजनही धरावे. सहा-सात किलोपर्यंत सांधा जागचा हलला नाही तर तो कामाचा आहे. पाच-दहा मिनिटे तसाच ठेवून बादली हलकेच वर-खाली करावी, कारण निसटणारी गाठ स्थिर वजनाला टिकते आणि हालचालीला सुटते. या वेळी तोंड दोऱ्याच्या रेषेत नेऊ नये आणि मुलांना दूर ठेवावे.

तुटलेले टोक वाचायला शिका

दोरा गेला की आपण हळहळतो आणि नवा बांधतो. त्याआधी टोक पाहावे. टोक कुरळे असेल तर गाठ निसटली आहे. वेढे कमी पडले किंवा गाठ पूर्ण आवळली नव्हती. टोक पिंजलेले आणि त्याच्या मागचा भागही केसाळ असेल तर दोरा खडकावर किंवा कालवांवर घासला आहे. तिथे दोष गाठीचा नाही, तंगूस लांब घ्यावा. तंगूस गळाजवळ खरखरीत होऊन तुटला असेल तर माशाच्या तोंडाने किंवा कल्ल्याने कापला आहे, जाड तंगूस घ्यावा. आणि विणीचा दोरा गाठीच्या तोंडाशीच तुटला असेल तर तो तिथे रुतला किंवा झिजला आहे. गाठ नव्याने, दुपदरी दोऱ्याने बांधावी. प्रत्येक फेरीपूर्वी सांध्यावरून नखाने हात फिरवावा. खरखर लागली तर वेळ न घालवता नवी गाठ मारावी.

सुटलेल्या दोऱ्याचे काय होते

जुना सुताचा किंवा वाखाचा दोर पाण्यात राहिला तर कुजून जायचा. नायलॉन आणि पॉलिथिलीन तसे कुजत नाहीत. तिवरांच्या मुळांत अडकलेला तंगूस वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्यात बगळ्याचे पाय अडकतात, खेकडा अडकतो, आपलीच जाळी फाटतात. बांधावर टाकलेला तुकडा वैरणीबरोबर जनावराच्या पोटात गेला तर काय होते, हे सांगायला नको.

जिताड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतील मोठे मासे बहुतेक माद्या असतात. गाठ निसटून तोंडात गळ आणि मागे हातभर तंगूस घेऊन गेलेली मोठी मादी मुळांत अडकून मेली, तर एक मासा गेला एवढाच हिशेब होत नाही. म्हणून अडचणीच्या जागी गळाजवळचा शेवटचा वीतभर तुकडा जरा कमी ताकदीचा घ्यावा. अडकले तर तिथेच तुटेल आणि लांब दोरा पाण्यात राहणार नाही. कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणावेत.

शेतकऱ्यांनी विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : रॉड नाही, हातानेच दोरी टाकतो. विणीचा दोरा घ्यावा का?
उत्तर : घेऊ नये. हातदोरीसाठी जाड तंगूसच बरा. विणीचा दोरा बारीक आणि न ताणणारा असतो, धावता मासा ओढू लागला की तो बोट खोल कापतो. कोणताही दोरा मनगटाला, बोटाला किंवा कमरेला गुंडाळू नये.

प्रश्न : रीलवर विणीचा दोरा फिरतो, पकडत नाही.
उत्तर : गुळगुळीत रीळावर तो पूर्ण गुंडाळी घेऊन फिरतो. आधी रीळावर थोडा तंगूस भरावा आणि त्याला विणीचा दोरा दुहेरी युनीने जोडावा.

प्रश्न : एक गाठ किती दिवस चालते?
उत्तर : दिवस मोजू नयेत, झीज पाहावी. मोठा मासा लागून गेला किंवा दोरा खडकाला घासला की नवी बांधावी. घरी आल्यावर दोरा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. हंगाम संपल्यावर पुढचा तंगूस बदलून टाकावा.

प्रश्न : तिन्हींपैकी एकच शिकायची असेल तर?
उत्तर : दुहेरी युनी शिकावी. ती डोळे मिटून जमू लागली की अलब्राइट शिकावी. एफजीची घाई करू नये.

बंधूंनो आणि भगिनींनो, ज्या तलावाची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तेथे मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी ओट्यावर बसून दुहेरी युनी बांधली, वाशाला बादली टांगून तपासली आणि मगच गळ टाकला. त्या घरची धाकटी मुलगी शेजारी बसून लिटर मोजत होती. मासा निघाला. आता त्या घरी गाठ तीच मुलगी बांधते आणि माझ्यापेक्षा नीट बांधते. आपणही घरी गेल्यावर एक दोर आणि एक सुतळी घेऊन बसावे. अर्धा तास लागेल. त्या अर्ध्या तासात चार वर्षांचा मासा राखता येतो.